बारामती ते इंदापूर : पहिल्या अल्ट्रामॅरेथॉनचे अंतर

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवडी, लासुर्णे, अंथुर्णे आणि निमगाव केतकी ही गावे मागे टाकत एस.टी. हे अंतर दीड-दोन तासांत कापते. हाच रस्ता धावून पार करायचा म्हटला, तर त्याला क्रीडाविश्वात अल्ट्रामॅरेथॉन असे नाव आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर निमगाव केतकी सोडल्यावर कुठेतरी संपतात. ज्यांनी ही शर्यत अनुभवली आहे, ते सांगतात, की खरी कसोटी तिथपासून इंदापूरच्या वेशीपर्यंतच्या टप्प्यात असते.

व्याख्या सोपी आहे. मॅरेथॉनपेक्षा लांब अशी कोणतीही शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. ५० किलोमीटर, ५० मैल, १०० किलोमीटर आणि १०० मैल ही तिची रूढ अंतरे आहेत. दुसऱ्या प्रकारात अंतराऐवजी वेळ ठरलेली असते. सहा, बारा किंवा चोवीस तासांत कोण किती धावतो, हे मोजले जाते. गंमत अशी, की मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर अधिकृतपणे कायम झाले ते १९२१ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतील सुप्रसिद्ध कॉम्रेड्स ही अल्ट्रामॅरेथॉन सुरू झाली तीही त्याच वर्षी.

त्याआधी ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचे अंतर शहरागणिक बदलत असे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते ४२.७५ किलोमीटर होते. या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे ग्रामीण धावपटू पाहून दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना अँटवर्पला पाठविण्यासाठी पुढाकार घेतला होता. आजच्या व्याख्येचा काटेकोर अर्थ लावायचा, तर चौगुले त्या दिवशी मॅरेथॉनपेक्षा ५५५ मीटर जास्तच धावले. तेव्हा हा प्रकार आपल्याकडे अगदीच नवखा आहे, असे म्हणता येणार नाही.

वारीचा रस्ता

बारामती-इंदापूर मार्गाला लांब अंतराची सवय आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना याच रस्त्याने जाते. काटेवाडीला पालखीसमोर धोतराच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडी आणि इंदापूर येथे गोल रिंगण होते. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पुढे जाणारा हा रस्ता आता पालखी मार्ग म्हणून राष्ट्रीय महामार्ग झाला असून, त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाटचाल सत्तरी ओलांडलेली माणसेही दरवर्षी करतात. ती शर्यत नव्हे, हे खरे. पण सावकाश चालणे, ठराविक अंतरावर थांबणे, थोडे थोडे खाणे आणि सोबत न सोडणे ही वारीची शिस्त अल्ट्रामॅरेथॉनच्या प्रशिक्षकांना नव्याने शिकवावी लागते.

काही वर्षांपूर्वी वारीच्या वार्तांकनासाठी प्रस्तुत प्रतिनिधी बारामतीहून सणसरपर्यंत पालखीबरोबर चालला. पायात नवे कोरे बूट होते. काटेवाडी येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. ‘‘लेकरा, नवी वहाण वारीत घालायची नसती,’’ असे दिंडीतील एका आजींनी सांगितले, तेव्हा त्या बोलण्यात शरीरशास्त्र आहे, हे कळले नव्हते. घर्षण, उष्णता आणि ओल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरते. काही तास धावल्यावर पाऊल सुजते, म्हणून बूट नेहमीपेक्षा थोडे मोठे आणि वापरून मऊ झालेले असावेत. मोजे सुती नसावेत, कारण सूत घाम धरून ठेवते.

बारामतीचे नाव धावण्याच्या संदर्भात महाराष्ट्रभर पोचले ते मात्र अवघ्या तीन किलोमीटरच्या शर्यतीमुळे. २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या गटात नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी त्यांना बक्षिसाच्या रकमेची गरज होती. त्यांच्या आयुष्यावरील ‘लता भगवान करे’ या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ही कथा ऐकून अनेकांना धावण्याची प्रेरणा मिळाली, हे चांगलेच आहे. परंतु सरावाविना, निव्वळ जिद्दीवर ५० किलोमीटर धावता येतात, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या पायांना रोजच्या कष्टांचा सराव असतो. कार्यालयात आठ तास बसणाऱ्याच्या पायांना तो नसतो.

पाणी पिण्याचा धोका

पहिल्या अल्ट्रामॅरेथॉनमधील सर्वांत गंभीर चूक बहुतेकांच्या कल्पनेच्या विरुद्ध असते. या प्रतिनिधीने पहिल्यांदा ५० किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतला, तेव्हा पाणी कमी पडू द्यायचे नाही, एवढेच डोक्यात होते. प्रत्येक टेबलावर थांबून दोन-दोन पेले साधे पाणी प्यायले. छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास बोटे सुजली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतू लागला, डोके जड झाले आणि मळमळू लागले. शरीरातले पाणी कमी झाले असावे, या समजुतीने आणखी पाणी प्यायलो. पुढच्या थांब्यावरील स्वयंसेवक डॉक्टरांनी हात पाहिला, मूळ वजनाची नोंद विचारली, वजनकाट्यावर उभे केले. वजन घटण्याऐवजी सव्वा किलोने वाढले होते. त्यांनी पाणी बंद केले, कपभर खारट सूप दिले आणि छातीवरचा क्रमांक काढून घेतला. त्या क्षणी अपमान वाटला. पुढे जाऊ दिले असते तर काय झाले असते, हे नंतर वाचनातून समजले.

या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जाते. दीर्घ श्रमांत शरीर लघवीचे प्रमाण घटवते. त्यात गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले, की रक्त पातळ होते आणि पाणी पेशींमध्ये शिरते. मेंदूच्या पेशी सुजल्या, तर कवटीत त्यांना जागा नसते. गोंधळ, झटके, बेशुद्धी आणि क्वचित मृत्यू असा तो क्रम आहे. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा चार धावपटूंची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा वैद्यकशास्त्राचे लक्ष या धोक्याकडे वेधले गेले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी आढळले. म्हणून आता सल्ला दिला जातो तो साधा आहे. तहान लागली की प्यावे, घड्याळ लावून पिऊ नये. मिठाने थोडी मदत होते, पण अतिरिक्त पाण्यावर मीठ हा उतारा नव्हे.

याच्या उलट टोकाला उष्माघात आहे. बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. धावणारा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि अंग तापले असेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन बर्फाच्या किंवा गार पाण्याने सर्वांग थंड करावे. आधी थंड करणे, मग हलविणे, असा हा नियम आहे. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

वेदनाशामक गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. आयब्युप्रोफेन खिशात ठेवून धावणारे पुष्कळ आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८९ अल्ट्रा धावपटूंपैकी काहींना ही गोळी, तर काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. गोळी घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के धावपटूंच्या मूत्रपिंडांवर तात्पुरता परिणाम दिसला. लघवी चहासारखी गडद झाली, तर शर्यत तिथेच थांबवून रुग्णालयात जावे.

भाकरीचा हिशेब

धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाच्या माणसाला ५० किलोमीटरसाठी तीन हजार कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठविलेले ग्लायकोजेन मिळून सुमारे दोन हजार कॅलरीच पुरविते. उरलेली तूट चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या अन्नातून भरून काढावी लागते. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, असे सांगितले जाते. मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. परदेशी जेलची पाकिटे महाग असतात. केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे पदार्थही तेच काम करतात. अट एकच, की सरावात जे पचले आहे, तेच शर्यतीत खावे. धावताना रक्तपुरवठा पोटाकडून पायांकडे वळतो आणि नेहमीचे अन्नही परके वाटू लागते.

वेगाचा हिशेब त्याहून सोपा, पण पाळायला अवघड. सात तासांत ५० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटे २४ सेकंद. पहाटेच्या गारव्यात हा वेग हास्यास्पद वाटतो आणि नवखा धावपटू सहाच्या वेगाने सुटतो. दुपारी त्याची परतफेड व्याजासह करावी लागते. चढावर चालणे, सपाटीवरही दर काही मिनिटांनी चालणे, यात कमीपणा नाही. सरावात शनिवारी लांब धावून रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा धावावे, म्हणजे शेवटच्या टप्प्याची ओळख आधीच होते. आधी एक-दोन मॅरेथॉन, हृदयाची तपासणी आणि किमान चार-सहा महिने, एवढी तयारी असल्याशिवाय नाव नोंदवू नये. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या साठ दिवसांत रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. त्यामागेही अनेक वर्षांचा सराव होता.

कॉम्रेड्समध्ये आज सुमारे ९० किलोमीटरसाठी बारा तासांची मुदत आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ माजी सैनिक विक क्लॅपहॅम यांनी सुरू केलेल्या या शर्यतीत पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जणांनी ती पूर्ण केली. मुदत संपताना एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर पाऊलभर मागे राहिलेल्यालाही पदक नाही. १९८९ मध्ये मुदत अकरा तासांची होती. ही शर्यत पाच वेळा जिंकलेले वॉली हेवर्ड त्या वर्षी वयाच्या ऐंशीव्या वर्षी धावले आणि दोन मिनिटेही उरली नसताना त्यांनी अंतिम रेषा ओलांडली.

पण थांबण्याचा निर्णय प्रत्येक वेळी धावपटूवर सोपविता येत नाही. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावले. दुपारी गारांचा पाऊस आणि थंड वारा सुटला. अंगात तोकडे कपडे असलेले २१ धावपटू गारठून मरण पावले. त्यांत देशातील नामवंत धावपटूही होते. सहा जणांना एका मेंढपाळाने गुहेत नेऊन शेकोटीशी बसविले, म्हणून ते वाचले. आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा यांसारख्या वाटांवर धावणाऱ्यांनी अंगावर एक पातळ जलरोधक जाकीट ठेवण्याचा नियम जाच समजू नये.

बारामती-इंदापूर रस्त्यावर सराव करणाऱ्यांसाठी हिवाळा उत्तम. मात्र तोच ऊसतोडणीचा हंगाम असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पहाटेच कारखान्याकडे निघालेल्या असतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही आणि चालकाला धावणाराही दिसत नाही. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, परावर्तक पट्टा घालून धावावे.

पुढच्या हिवाळ्यात या प्रतिनिधीने तेच अंतर ७ तास २१ मिनिटांत पूर्ण केले. वजन दीड किलोने घटले होते, जे अपेक्षितच असते. शर्यत संपल्यावर लगेच खाली बसू नये, दहा मिनिटे चालत राहावे. खारट-गोड काहीतरी खावे आणि दोन आठवडे धावणे बंद ठेवावे. काळी पडलेली नखे उपटू नयेत. खाली नवे नख आले, की ती आपोआप गळतात.