कोऱ्या कागदाचा प्रकाश

मुलांच्या चित्रांत काय असावें याची चर्चा पुष्कळ होते. काय गाळावें हें क्वचितच सांगितलें जातें. इंग्लंडांत हा धडा एका पिढींत गिरविला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें मुलांचीं स्वस्त चित्रपुस्तकें विपुल निघत, पण त्यांतील रंग बहुधा भडक असत. प्रती भरपूर छापल्या तर सहा पेन्सांचें पुस्तकही सुंदर होईल, असा लंडनचा मुद्रक एडमंड इव्हान्स (१८२६–१९०५) याचा विश्वास होता. प्रथम त्यास वॉल्टर क्रेन लाभला. त्याचीं पानें शोभिवंत, परंतु भरगच्च. जाड रेषा आणि सपाट रंग यांत वारा खेळण्यास जागा नसे.

१८७८ सालीं, पूर्वी पेढींत कारकुनी केलेला रँडॉल्फ कॅल्डेकॉट पुढें आला. रंगीत पानांच्या मधून मधून त्यानें तपकिरी शाईचीं साधीं रेखाचित्रें पेरलीं आणि त्यांत कागदाचा मोठा भाग कोराच ठेवला. त्या कोरेपणांतूनच आकाश, उजेड आणि अंतर उभें राहिलें. रंगीत चित्रांसाठीं इव्हान्स प्रत्येक रंगाचा निराळा लांकडी ठसा करी. त्यावर बारीक रेषा कोरल्यानें रंगांतून कागद डोकावे व छटा कोमल होई.

‘जॉन गिल्पिन’मध्यें बेफाम घोडा, घाबरलेला स्वार आणि उधळलेलीं पाखरें हीं सारीं एकाच वेगांत गुंफलेलीं आहेत, नजर आपोआप त्या दौडीबरोबर धांवते.

सोळा चित्रपुस्तकें देऊन कॅल्डेकॉट १८८६ सालीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला. १९३८ पासून अमेरिकेंत उत्कृष्ट चित्रपुस्तकास दिल्या जाणाऱ्या पदकाला त्याचें नांव आहे. त्यावर गिल्पिनचा तोच घोडा धांवतो आहे.