इंजिनाची ठोक आणि शिशाचं पेट्रोल

आजचा विषय गॅरेजमधला वाटेल, पण आहे इतिहासाचाच. जुन्या इंजिनाच्या आवाजाचा अर्थ लोकांनी कसा लावला आणि त्यावरच्या उपायाची किंमत कोणी मोजली, ते आज पाहू.

प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर आणा. मूळची फियाट ११००, तयार झाली कुर्ल्याच्या कारखान्यात. चार सिलिंडर, कार्बोरेटर, आणि बिघाड सांगणारा कॉम्प्युटर नाही. त्यामुळे निदान कानावर चालायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची. हलकी, एकसारखी टकटक आली तर बहुधा टॅपेटची फट वाढलेली. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती टकटकही त्याच मानाने संथ. खालून जड ठोका आला आणि इंजिनावर भार पडताच तो वाढला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं समजायचं.

इंजिन मिसिंग करत असेल तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लडखडतं. जिथे काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला. मग प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, शेवटी व्हॉल्व्ह, असा शोध. चारही सिलिंडर अधूनमधून चुकत असतील तर पॉइंट, कॉइल किंवा कार्बोरेटरकडे वळायचं.

आता इतिहासाकडे येऊ. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येणारी खणखण, म्हणजे नॉकिंग, शंभर वर्षांपूर्वी मोठंच कोडं होतं. चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारं इग्निशन आणलं होतं, त्यामुळे दोष त्यांच्या माथी आला. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी अमेरिकेत डेटन इथे शोध घेतला, तेव्हा खोट इंधनात निघाली. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकत होतं. निदान अचूक होतं!

उपाय मात्र वेगळ्या वाटेने गेला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये अगदी थोडंसं मिसळलं की ठोक बंद. अल्कोहोलनेही ठोक थांबते, हे तेव्हा ठाऊक होतं. पण शिशाचं हे संयुग किरकोळ प्रमाणात पुरायचं आणि त्याचं पेटंटही घेता यायचं. शिसं विष आहे, हेही नवं नव्हतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणारे पाच कामगार विषबाधेने मेले. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची अनेक दशकं ते शिसं धुरातून रस्त्यावर आणि मुलांच्या रक्तात गेलं. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० पासून. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली २०२१ मध्ये.

यात एक गंमत आहे. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला उशीसारखा जपायचा. तो गेल्यावर मऊ लोखंडी सीट असलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले. व्हॉल्व्ह रुतला की टॅपेटची फट कमी होते, म्हणजे टकटक थांबते! मालक खूश. पुढे व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, जळतो, आणि इंजिन मिसिंग करू लागतं. म्हणून जाणकार मेकॅनिक टॅपेट गप्प झाला की फीलर गेज काढतो. आवाज थांबला याचा अर्थ बिघाड गेला असा त्याच्या लेखी होत नाही.

१९२१ साली ठोक थांबली, तेव्हा हाच प्रश्न विचारायला हवा होता. हॅमिल्टन यांच्यासारख्या काहींनी तो विचारला, पण तेव्हा कुणी ऐकलं नाही. तो आवाज का दाबला गेला, ते पुढच्या व्याख्यानात.