पडद्यावरचा ख्रिस्त आणि दादासाहेब फाळके

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. दर माणशी एक रुपया; सामान्य माणसाला तो कुठला परवडणार! पुढे तंबू आले, चित्रगृहे आली.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात दादासाहेब फाळके यांनी एक परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूचे चरित्र सरकत होते आणि फाळक्यांच्या मनात मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. यात प्रभूचा उणेपणा आम्हांला दिसत नाही. आपले आराध्य डोळ्यांनी पाहावे, ही ओढ वेदीवर चित्रे-पुतळे मांडणाऱ्या आम्हांस परकी का वाटावी? तरीही सिनेमा, टीव्ही, व्हिडिओ असे काहीही नवे आले, की आमचे पहिले प्रवचन सावधगिरीचेच! (तसली प्रवचने आम्हीही दिली आहेत.)

फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडलेली नसत. अंधाऱ्या खोलीत बसून ती पाडावी लागत. ते काम पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. शिवाय चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याचकडे.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई काही मिळाली नाही. ते काम साळुंके नावाच्या तरुणाने केले.