जहाजाच्या इंजिनांतील एक कडें

महासागर ओलांडणाऱ्या जहाजाची मदार त्याच्या इंजिनावर असते, आणि त्या इंजिनाची मदार दट्ट्याभोंवतीं बसविलेल्या मोजक्या ओतीव लोखंडी कड्यांवर असते. कारखान्यांत त्यांस पिस्टन-रिंग म्हणतात. हें कडें अखंड नसतें. एका ठिकाणीं तें चिरलेलें असतें. दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट बुजविणें, दट्ट्याची उष्णता सिलिंडरच्या भिंतीस पोंचविणें आणि तेलाचा थर बेताचा राखणें, हीं त्याचीं तीन कामें. इंजिन चालू असतांना मात्र तें कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं. त्याचा इतिहास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचा हिशेब मांडण्याचा इतिहास होय.

वाफेच्या यंत्राच्या आरंभकाळीं असें कडें नव्हतें. जेम्स वॅटच्या यंत्रांत दट्ट्याभोंवतीं चरबींत भिजविलेला दोर गुंडाळीत. वाफेचा दाब व उष्णता वाढतांच तो टिकेना. १८५० नंतर जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-इंजिनिअरनें धातूचें चिरलेलें कडें पुढें आणलें. सिलिंडरपेक्षां किंचित् मोठें कडें दाबून आंत बसविलें कीं तें स्वतःच्या ताणानेंच भिंतीस चिकटून राही. परंतु पूर्ण गोल कडें सर्वत्र सारखें दाबत नाहीं, हेंही त्याच्या ध्यानांत आलें. दाब सारखा पडावा म्हणून कड्याचा आकार कसा असावा, हें त्यानें १८५५ सालीं मांडलें. कड्याच्या दाबाचा शास्त्रीय विचार येथून सुरू झाला.

पुढें रुडॉल्फ डीझेलनें या कड्याची कसोटी पाहिली. १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी ठरलेल्या त्याच्या इंजिनांत ठिणगी नव्हती. दाबून तप्त केलेल्या हवेनेंच तेल पेटे. ती हवा कड्यांशेजारून निसटली, तर इंजिन पेटणारच नाहीं! १९१२ सालीं ‘सेलांदिया’ हें डेन्मार्कचें डीझेल-जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालें. त्याच्या दोन इंजिनांस प्रत्येकीं आठ सिलिंडर होते. बंदरापासून शेंकडों कोस दूर, भर वादळांत कडीं दगा देतील, तर खलाशांनीं कोणाकडे पाहावें?

अडचण दुहेरी आहे. उष्णतेनें कडें वाढतें. चिरेची फट अपुरी असेल तर त्याचीं टोंकें एकमेकांस भिडतात, आणि तें अडकून मोडतें. फट फार ठेवावी, तर वायू गळतो. शिवाय कड्याच्या मागें शिरलेला वायूच त्यास भिंतीवर जोरानें रेटतो. दट्ट्या वरच्या टोंकास क्षणभर थांबतो, त्याच सुमारास वायूचा दाब शिगेस पोंचतो आणि तेलाचा थर अत्यंत पातळ होतो. म्हणूनच सिलिंडरची झीज वरच्या टोंकाजवळ अधिक आढळते.

या गुंत्याची किल्ली हळूहळू हातीं आली. ऑस्बोर्न रेनल्ड्सनें १८८६ सालीं तेलाच्या थराचें गणित दिलें. खडबडीत पृष्ठभागांचीं शिखरें एकमेकांस कशीं टेकतात, याचें गणित ग्रीनवुड व विल्यमसन यांनीं १९६६ सालीं मांडलें. संगणक आल्यावर हीं गणितें एकत्र जुळवितां आलीं. कड्याचे शेंकडों लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येकाचें तापमान व त्यावरील दाब काढावयाचा. उष्णतेनें तेल किती पातळ झालें, धातूस धातु किती घासली आणि त्या घर्षणानें उष्णता पुन्हां किती वाढली, हें मोजावयाचें. आणि सर्व आंकडे परस्परांशीं जुळेपर्यंत तोच हिशेब पुनःपुन्हां करावयाचा.

या हिशेबामुळें प्रत्येक नवी कल्पना इंजिन मोडून पारखावी लागत नाहीं. तथापि संगणकाचें उत्तर अखेर झिजलेल्या कड्याच्या मोजमापाशीं ताडून पाहावेंच लागतें. समुद्र गणिताची भीड धरीत नाहीं. आणि हिशेबांतील चुकीची किंमत खलाशांस मोजावी लागते.