वाकलेल्या पाठीची नोंद : मौद्याची रोवणी आणि कंबरदुखीचा इतिहास

१/ नागपूर-भंडारा मार्गावर कन्हान नदीकाठी वसलेले मौदा हे धानपट्ट्यातील तालुक्याचे गाव. पावसाळ्यात येथील बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. एका हातात पऱ्ह्यांची पेंडी, दुसऱ्या हाताने चिखलात रोप खोवायचे आणि मागे सरकायचे. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. दिवसाचा बहुतांश काळ त्यांची पाठ कमरेतून वाकलेली असते. या पाठीची नोंद इतिहासाने कोठे ठेवली?

२/ कामाचा आणि दुखण्याचा संबंध जुनाच. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. ओझेवाले, विणकर, दिवसभर वाकून बसणारे शिंपी आणि चांभार त्यात आहेत, शेतकरीही आहेत. रोग्याला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह होता.

३/ पुढे पाठदुखीला न्यायालयात स्थान मिळाले, पण वेगळ्या वाटेने. रेल्वे अपघातांत सापडलेल्यांच्या पाठीच्या तक्रारींवर लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये पुस्तक लिहिले आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत त्यावर वाद झडले. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकी डॉक्टरांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने होणाऱ्या वेदनेचे विवेचन केले. पाठदुखी म्हणजे एखाद्या क्षणी झालेली इजा, ही समजूत त्यामुळे दृढ झाली.

४/ भारतातील १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदाही मुख्यतः अपघाताभोवती रचलेला होता. शेतीकामातील ट्रॅक्टरसारख्या यंत्रांवरचे मजूर त्याच्या कक्षेत आले. हाताने रोवणी करणारी स्त्री मात्र बाहेरच राहिली. तिच्या दुखण्याला अपघाताची तारीख नसते. ते हंगामागून हंगाम साचत जाते.

५/ १९४८ च्या कारखाने कायद्याने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. तिच्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, कंबरदुखी नव्हती.

६/ महाराष्ट्रात पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न संघटनेने पुढे आणला. पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ उभी राहिली. १९६९ मध्ये माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्याआधी दोनच वर्षे, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती.

७/ ओझे तराजूवर मोजता येते. वाकणे मोजता येत नाही. मौद्यापासून जवळच असलेल्या कामठीत एल. एन. हरदास यांनी १९३० च्या दशकात बिडी कामगारांना संघटित केले. पुढे १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने कामाचे तास, रजा, स्वच्छता यांचे नियम घातले. पण मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान आणि पाठ वाकवून पाने वळणे, हा बिडीकामाचा गाभा तसाच राहिला.

८/ आता आकडे पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. अपंगत्वाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगातील ३७ टक्के कंबरदुखी कामाशी जोडली. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात निरनिराळ्या व्यवसायांची तुलना झाली. त्यात सर्वाधिक सापेक्ष धोका शेतीकामात आढळला : ३.७ पट.

९/ मौद्यात या दोन्ही जगांची सीमा डोळ्यांना दिसते. एकीकडे एनटीपीसीचे २,३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र. तेथील कामगार औद्योगिक सुरक्षेच्या कायदेशीर चौकटीत येतो. दुसरीकडे धानाची बांधी. तेथे हजेरीपट नाही आणि वैद्यकीय तपासणीही नाही. रोवणी एकराच्या दराने ठरली, तर पाठ सरळ करण्यासाठी घेतलेला प्रत्येक विसावा मजुरीतूनच वजा होतो.

१०/ ज्या दुखण्यामागे अपघात, यंत्र किंवा संघटना होती, त्याची नोंद झाली. सर्वाधिक धोका असलेल्या कामाचे दुखणे मात्र ‘वयाचे’ किंवा ‘बायकांचे’ म्हणून घरातच राहिले. रामाझिनीने वैद्यांना दिलेला प्रश्न तीनशे वर्षांनंतरही साधाच आहे. कंबर धरून दवाखान्यात आलेल्या बाईला ‘काम काय करता?’ असे विचारले गेले आणि तिचे उत्तर कागदावर उतरले, तर तीच या इतिहासाची पहिली नोंद ठरेल.