तारे, श्वापदें आणि काळोख

रात्रीं छायाचित्र घेण्याचे दोन मार्ग आहेत. काळोखावर प्रकाश फेकून त्याला क्षणभर दूर सारणें हा एक. आणि काळोखांत स्वस्थ बसून, जो प्रकाश आपण होऊन येईल त्याची वाट पाहणें हा दुसरा. वन्य पशूंचीं रात्रींचीं चित्रें प्रथम पहिल्या मार्गानें निघालीं. अमेरिकेंतील जॉर्ज शायरस यानें मॅग्नेशियमच्या पुडीचा लखलखाट करून टिपलेलीं रानांतील जनावरांचीं चित्रें १९०६ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत प्रसिद्ध झालीं. पुढें आपल्याकडे संयुक्त प्रांतांतील जंगलखात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेविली. वाघाचा पाय तारेस लागावा, उजेड पडावा आणि त्याच क्षणीं कॅमेऱ्यानें आपलें काम करावें, अशी ती योजना होती. या चित्रांचें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. बंदुकीऐवजीं कॅमेरा हातीं धरणारा हा गृहस्थ श्वापदांचा स्नेहीच होता. तथापि त्याच्या रीतींत काळोखाचा भंग अटळ होता.

ताऱ्यांचें चित्र घेणाऱ्यास हा मार्ग मोकळा नाहीं. पृथ्वीवर कितीहि मोठा दिवा पेटविला, तरी त्यानें तारा उजळत नाहीं. उलट तो दिसेनासा होतो. १८५० सालच्या जुलै महिन्यांत हार्वर्ड वेधशाळेंत अभिजित् ताऱ्याचें चित्र घेण्यांत आलें. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचें तें पहिलें छायाचित्र. पुढें कोरड्या कांचा निघाल्या आणि एकाच कांचेवर दीर्घकाळ प्रकाश सांठविणें शक्य झालें. १८८२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील केप वेधशाळेचे डेव्हिड गिल यांनीं एका धूमकेतूचें चित्र घेतलें, तों धूमकेतूच्या मागें असंख्य तारे आपोआप उमटलेले दिसले. त्यांतूनच सबंध आकाशाचा नकाशा छायाचित्रांनीं करावा ही कल्पना बळावली. १८८७ सालीं पॅरिस येथें ज्योतिषांची परिषद भरली आणि निरनिराळ्या देशांतील सुमारें वीस वेधशाळांनीं आकाश आपसांत वांटून घेतलें.

या वांटणींत मराठवाड्याचाहि दूरचा संबंध आहे. लातूर जिल्ह्यांतील रेणापूर हें रेणुकादेवीचें गांव १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. त्याच संस्थानाच्या राजधानींत, हैदराबादेस, नवाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं स्वतःच्या पैशानें दुर्बिणी आणवून वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. १९०७ सालीं ते निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं संस्थान सरकारनें ती निजामिया वेधशाळा आपल्याकडे घेतली. या वेधशाळेकडे आकाशांतील विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांमधील पट्टा आला. अनुराधा नक्षत्रांतील दोन ठळक तारे याच पट्ट्यांत आहेत. मे महिन्याच्या अखेरीस, मध्यरात्रीच्या सुमारास, रेणापूरच्या अंगणांत बाजेवर पडलेल्या माणसाला ते दक्षिणेस, क्षितिज आणि डोईवरचा बिंदु यांच्या मध्याहून किंचित् वर दिसतात.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीनें त्यांच्या मागोमाग फिरावें लागतें. वजनावर चालणारें घड्याळी यंत्र दुर्बिणीला फिरवी. पण त्याच्यावर सर्वस्वीं विसंबतां येत नसे. वेध घेणारा जोडदुर्बिणीस डोळा लावून बसे आणि एक तारा बारीक तारांच्या फुलीवर स्थिर ठेवी. लक्ष ढळलें कीं ताऱ्याचा ठिपका लांबट होई. या योजनेंतील मोठ्या नकाशाच्या कांचांवर अर्ध्या अर्ध्या तासाचीं तीन चित्रें, कांच दर वेळीं किंचित् सरकवून, घ्यावयाचीं असत. त्यामुळें प्रत्येक ताऱ्याचा एक इवलासा त्रिकोण उमटे. धुळीचा कण अगर कांचेंतील डाग त्रिकोण करीत नाहीं. यावरून खरा तारा कोणता तें कळे. हैदराबादेस पोकॉक यांनीं हें काम नेटानें चालविलें. १९१८ सालीं त्यांचें निधन झाल्यावर तें टी. पी. भास्करन् यांच्याकडे आलें. पुढें उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाहि या वेधशाळेनें पुरा केला. दोन्ही मिळून सात लाख त्रेसष्ट हजारांहून अधिक ताऱ्यांचीं स्थानें हैदराबादेनें जगाला दिलीं.

परंतु ज्या काळोखाच्या भांडवलावर हें सारें उभें होतें, तेंच हळूहळू सरत गेलें. बेगमपेठेंतील वेधशाळेभोंवतीं शहर पसरलें आणि आकाश उजळलें. अखेर १९६८ च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठानें ४८ इंची नवी दुर्बीण शहरापासून दूर, जापाल-रंगापूर येथें बसविली. त्याच वेधशाळेंत काम करणाऱ्या एका ज्योतिषाचे चिरंजीव वेणु बाप्पू. १९४९ सालीं हार्वर्डमध्यें असतांना त्यांना छायाचित्राच्या कांचेवर एक नवा धूमकेतु सांपडला. भारतांत परतल्यावर त्यांनीं वेधशाळेसाठीं शहर न शोधतां रान शोधलें. तमिळनाडूंत जावडी टेकड्यांच्या जंगलांत, कावलूर येथें, १९६८ सालीं त्यांची पहिली दुर्बीण सुरू झाली. त्यांनीं घडविलेल्या संस्थेचीच पुढची मोठी दुर्बीण लडाखांत हान्ले येथें, चांगथांगच्या वन्यजीव अभयारण्याच्या प्रदेशांत, उभी आहे. दुर्बिणी अशा प्रकारें जेथें श्वापदें राहतात तेथें जाऊन पोंचल्या. यांत योगायोग नाहीं. दोघांनाहि एकच वस्तु हवी होती.

श्वापदांना काळोख हवा, म्हणजे केवळ लपण्यास हवा, असें नव्हे. २०१३ सालीं स्वीडन व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनीं शेणकिड्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शेणाची गोळी घेऊन हा किडा रात्रीं सरळ रेषेंत पळतो. त्याच्या डोळ्यांवर झांपड घातली कीं तो भरकटतो. आणि तारांगणाच्या घुमटाखालीं नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखविला तरी त्याला वाट सांपडते! कोंकण किनाऱ्यावर, वेळासच्या वाळूंत, अंड्यांतून निघालेलीं कांसवाचीं पिलें रात्रीं समुद्राकडील उजळ क्षितिजाच्या रोखानें धांवतात. किनाऱ्यावर दिवे असले तर तशीं पिलें उलट जमिनीकडे वळतात. मनुष्याच्या दिव्यानें ताऱ्यांचा फोटो बिघडतो, तसा जनावराचा संसारहि बिघडतो.

या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रांत एका ठिकाणीं आल्या त्या नागपूरच्या उत्तरेस, पेंचच्या रानांत. १९७५ सालीं हें राष्ट्रीय उद्यान झालें, १९९९ सालीं व्याघ्र प्रकल्प. जानेवारी २०२४ मध्यें डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेनें त्याला काळोखी आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता दिली. भारतांतलें हें पहिलें आणि आशियांतलें पांचवें. वाघोडा तलावाजवळील मनोरा आकाशदर्शनासाठीं ठेवण्यांत आला. मनोरा कां, हें सांगावयास नको. जमिनीवर तिकाटणें मांडून बसणाऱ्याची नजर तासभर वर असते, आणि वाघ-अस्वलाच्या मुलखांत ती तेवढा वेळ वर ठेवणें शहाणपणाचें नाहीं. आजचा कॅमेरा कांचेऐवजीं विद्युत्-पटलावर काम करतो. वीस सेकंदांत तो आकाशगंगा टिपतो. तरी जुना नियम कायम आहे. झगझगीत विजेरी पेटविली तर चित्र गेलें, अर्धा तास काळोखाला सरावलेली नजर गेली, आणि पाण्यावर येणारें जनावरहि गेलें. म्हणून जाणता मनुष्य मंद तांबडा दिवा बाळगतो, आणि तोहि क्वचितच लावतो.

खरा प्रश्न मात्र फोटो घेणाऱ्याचा नव्हता. तो रानाच्या कडेस राहणाऱ्या माणसांचा होता. दिवा ही त्यांना चैन नाहीं. ज्याच्या दाराबाहेर बिबट्या येऊं शकतो, त्याला ‘ताऱ्यांसाठीं दिवा मालव’ असें सांगणें हा निष्ठुरपणा झाला असता. तसें कोणी सांगितलें नाहीं. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गांवांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून, ज्यांचा उजेड खालीं जमिनीवरच पडतो असे दिवे बसविण्यांत आले. पायाखालचा साप दिसावा, वाट दिसावी, आणि आकाशाचा काळोख तसाच राहावा. दिवा विझविणें निराळें आणि त्याला टोपी घालणें निराळें. सारा तंटा या एवढ्याशा फरकावर मिटण्यासारखा होता.

हैदराबादच्या कांचांवर ज्या ताऱ्यांचीं स्थानें शंभर वर्षांपूर्वीं नोंदलीं गेलीं, ते अनुराधेचे तारे आजहि रेणापूरवरून जातात आणि पेंचवरूनहि जातात. त्यांच्या स्थानांत नजरेला जाणवेल असा पालट झालेला नाहीं. पालट झाला तो त्यांच्या आणि मनुष्याच्या मध्यें पसरलेल्या उजेडांत. वेधशाळांना रान गाठतां आलें. रानांतल्या श्वापदांना मात्र त्यापलीकडे जाण्यास जागा नाहीं. गांवच्या दिव्याला टोपी घालण्यास व्याघ्र प्रकल्पहि लागत नाहीं आणि मोठी दुर्बीणहि लागत नाहीं. तेवढें रेणापुरांत होऊं शकतें, आणि कोणत्याहि गांवांत होऊं शकतें.