धाराशिव प्रांतांतील सडका व लोहमार्ग : पैसा कोणाचा, योजना कोणाची?

धाराशिव प्रांताविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांत तुळजापूरचें देवस्थान, तेरचे अवशेष, परांडा व नळदुर्ग हे किल्ले आणि धाराशिवचीं लेणीं यांचाच विस्तार विशेष आढळतो. तें योग्यच आहे. परंतु या प्रांतांत सडका कोणाच्या पैशानें झाल्या, आगगाडी कोणीं आणली, आणि ती जिल्ह्याच्या मुख्य गांवास टाळून कां गेली, या प्रश्नांकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. "निजामानें कांहीं केलें नाहीं" एवढ्या वाक्यावर हा विषय बहुधा मिटविला जातो. आमच्या मतें हें उत्तर अपुरें आहे. येथील सार्वजनिक कामांची आंखणी ज्याची थैली त्याच्या हिशेबानें होत गेली, व ती थैली बहुतेक वेळां प्रांताबाहेरची होती.

आरंभ नळदुर्गापासून करूं. बोरी नदी अडवून किल्ला व रणमंडळ यांस जोडणारा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानींत, इ. स. १६१३ च्या सुमारास, बांधला गेला. त्याच्या पोटांतील पाणीमहाल व 'नर-मादी' हे धबधबे पाहण्यास लोक अद्याप जातात. काम अप्रतिम खरें. तथापि किल्ल्यास पाणी व संरक्षण हाच त्याचा प्रधान हेतु. बादशाही खजिना बादशाही ठाण्याभोवतीं खर्च झाला, यांत नवल नाहीं.

यापुढचें प्रकरण अधिक विचार करण्यासारखें आहे. १८५३ च्या मे महिन्यांत कंपनी सरकारनें निजाम नासिरुद्दौला याजकडून वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख लावून घेतला. निमित्त हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचें. तहाची अट अशी कीं, या मुलखाच्या वसुलांतून फौजेचा व कारभाराचा खर्च भागवून जें उरेल तें निजामास द्यावें, व सालोसाल हिशेब दाखवावा. वाचकांनीं या अटीकडे बारकाईनें पाहावें. कारभाराचा खर्च जितका वाढे, तितकी निजामाची शिल्लक घटे. म्हणजे सडकेवर पडणारा रुपया ज्याच्या वांट्यांतून जाई, त्यास ती सडक कोठून कोठें न्यावी हें सांगण्याचा अधिकार नव्हता.

नळदुर्गाच्या कारभारावर कॅप्टन मेडोज टेलर याची नेमणूक झाली. पुढें तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' ही कादंबरी (१८६३) लिहिणारा तोच हा. वाचक त्यास कादंबरीकार म्हणून ओळखतात. परंतु या प्रांताच्या इतिहासांत जमीनमोजणी, रस्ते व तलाव यांचा विचार करणारा अंमलदार म्हणून त्याचें स्थान आम्ही वरचें मानतों. १८५७ त त्यास वऱ्हाडांत धाडण्यांत आलें, आणि १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब निजाम अफजलुद्दौला यास परत मिळाले. त्याच तहांत लावून घेतलेल्या मुलखाचा मागील-पुढील हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला! ज्या सात वर्षांत येथें नवी मोजणी व रस्ते यांची सुरुवात झाली, त्या वर्षांच्या जमाखर्चाचा पडताळा घेण्याची वाट अशा रीतीनें बंद झाली.

त्याच १८६० सालीं जी. आय. पी. रेल्वे सोलापुरास पोहोंचली व १८७१ त रायचुरास. निजामाची वाडी-सिकंदराबाद लाइन १८७४ त झाली. मनमाडहून गोदावरी खोऱ्यांतून हैदराबादेकडे जाणारी लाइन १९०० च्या सुमारास पुरी झाली. एक दक्षिणेकडून, दुसरी उत्तरेकडून गेली. मधला बालाघाटाचा मुलूख बैलगाडीवरच राहिला.

या मधल्या पट्ट्यांत प्रथम शिरली ती बार्शी लाइट रेल्वे. बार्शी ही मुंबई इलाख्यांतील कापसाची व धान्याची मोठी पेठ. तिच्या पूर्वेस निजामाची हद्द. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनीयरानें जी. आय. पी. ची नोकरी सोडून या मार्गाचा ध्यास घेतला. १८९५ त विलायतेंत कंपनी उभी राहिली, व १८९७ त बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, व तो इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सारखा वांटावयाचा, हें कॅल्थ्रॉपचें सूत्र. त्यामुळें दर यार्डास तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. थोड्या भांडवलांत गाडी न्यावयाची तर यापरती युक्ति नव्हती, असें आम्हांस वाटतें.

पुढचा विस्तार कसा झाला पाहा. १९०६ त एक फांटा पंढरपुरास गेला. तेथें वारकऱ्यांचें भाडें निश्चित होतें. दुसरा बार्शीहून बालाघाट चढून येडशीवरून १९०७ पर्यंत तडवळ्यास व १९११ त लातुरास गेला. तेथें कापूस व धान्य होतें. लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ त झाला. जिल्ह्याचें ठाणें मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीं नुकतेंच नळदुर्गाहून धाराशिवास आलें होतें, आणि कंपनीच्या दृष्टीनें कचेरी म्हणजे माल नव्हे. गाडी येडशीहून सरळ पूर्वेस गेली, आणि धाराशिवकरांस स्टेशनासाठीं सुमारें सहा कोस जावें लागूं लागलें.

यांत निजाम सरकार सर्वस्वी निर्दोष होतें असें आमचें म्हणणें नाहीं. हद्द ओलांडणाऱ्या मालावर त्याची करोडगिरी शेंकडा पांच होती. तिकडे हाली शिक्का, इकडे कलदार रुपया, आणि कंपनीचें भांडवल पौंडांत. एका गांठोडीभर कापसाला तीन हिशेबांतून जावें लागे. हिशेब ठेवणारे तिघे. परंतु धाराशिवचा हिशेब मांडणारा त्यांत कोणीच नव्हता.

१९४८ त हैदराबाद संस्थान विलीन झालें, १९५४ च्या आरंभीं भारत सरकारनें ही लाइन विकत घेतली. तरीहि मार्ग तोच राहिला. तो रुंद करतांना २००७-०८ च्या सुमारास वळवून धाराशिवास आणला गेला, म्हणजे लातुरास गाडी पोहोंचल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनीं. तुळजापूर तर त्याहूनहि मागें राहिलें: सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाइनीची कोनशिला ९ जानेवारी २०१९ रोजीं बसली. मूळ अंदाज सुमारें ९०५ कोटी रुपयांचा; त्यांतील निम्मा भार राज्य सरकारनें २०२२ त पत्करला.

येडशी, तडवळें, ढोकी व मुरूड या बाजूच्या देशमुख, देशपांडे व कुळकर्णी घराण्यांच्या दप्तरांत १९०५ ते १९११ या काळांतील जमिनी रेल्वेकडे गेल्याचे मोडी वा फारसी कागद असण्याचा संभव आहे. मोबदला हालींत ठरला कीं कलदारांत, व तो कोणाच्या हातून मिळाला, हें त्यांवरूनच कळेल. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं मूळ न देतां केवळ नक्कल धाडली तरी आम्ही आभारी होऊं.